पॉलिप काढावा की राहू द्यावा?

चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने २००३ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गावांत कर्करोगाची तपासणी केली. शोध होता तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच तीन आहेत, मोठे आतडे नाही. त्यामुळे चिपळूणच्या एखाद्या आजोबांना पॉलिप असल्याचे बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या दुर्बिणीच्या तपासणीत कळते. मग घरात प्रश्न पडतो, या वयात तो काढावा का? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब. पूर्वी तो आतड्याच्या वरच्या भागात असला, तर काढायला पोट उघडावे लागे. १९५४ मध्ये नरिंदरसिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवून दाखवले. त्यातून लवचीक दुर्बीण घडली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या यांनी तिच्यातून तारेचा फास घालून पॉलिप कापला. पोट उघडण्याची गरज उरली नाही.

पण याचा उपयोग किती? १९७५ मध्ये लंडनच्या मॉर्सन आणि सहकाऱ्यांनी पॉलिपपासून कर्करोग कसा सावकाश होतो ते मांडले. १९९३ च्या अमेरिकन अभ्यासात पॉलिप काढलेल्यांत कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळला. साहजिकच दिसेल तो पॉलिप काढण्याची आणि पुनःपुन्हा तपासण्याची रीत पडली.

आता यातला काळ लक्षात घ्या. बहुतेक पॉलिप कर्करोगापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांना साधारण दहा वर्षे लागतात. पंचावन्नाव्या वर्षी लहान पॉलिप काढला, तर पुढची अनेक वर्षे फायदा मिळतो. पंचाऐंशीव्या वर्षी, हृदय-मूत्रपिंड थकलेले असताना, तो फायदा पदरात पडेलच असे नाही. जुलाबाच्या औषधाने अंगातले पाणी कमी होणे, रक्तस्राव, आतड्याला भोक पडणे हे धोके मात्र वयाबरोबर वाढतात आणि लगेच भोगावे लागतात. म्हणून २०२० च्या ब्रिटिश मार्गदर्शनानुसार वय पंचाहत्तरच्या पुढे असेल किंवा आयुष्य दहा वर्षांहून कमी उरले असेल, तर पॉलिपसाठी पुन्हापुन्हा दुर्बीण सहसा घालत नाहीत.

याचा अर्थ म्हाताऱ्यांकडे दुर्लक्ष करावे असा नाही. शौचातून रक्त जाणे, रक्त कमी होणे, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. मोठ्या पॉलिपचा विचारही वेगळा करावा लागतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घाटी चढणारे आजोबा आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा यांना एकच नियम लावता येत नाही. घरच्यांनी डॉक्टरांना विचारावे: पॉलिप केवढा आहे, काढण्यात धोका किती, आणि फायदा मिळायला किती वर्षे लागतील?