डिटेन्शन
डिटेन्शन हा ‘रोखून धरणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला इंग्रजी शब्द आहे. कायद्याच्या मराठीत त्यासाठी स्थानबद्धता ही संज्ञा रूढ असून, बोलण्यात तिला सरसकट तुरुंगवास म्हटले जाते, ते योग्य नव्हे. कारावास ही गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायालयाने दिलेली शिक्षा होय. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत मात्र पुढे घडू शकणाऱ्या कृत्याच्या शंकेवरून, खटल्याविनाच, शासनाच्या आदेशाने व्यक्तीस डांबले जाते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार ती तीन महिन्यांहून अधिक लांबवण्यास सामान्यतः सल्लागार मंडळाचा अनुकूल अभिप्राय लागतो. आणीबाणीत (१९७५–७७) ‘मिसा’ कायद्याखाली हजारो व्यक्ती स्थानबद्ध होत्या. त्यांना सुटकेसाठी उच्च न्यायालयात दादही मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये बहुमताने दिला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले.