गिअर का निसटतो? रोड सायकलच्या झिजेचे निदान

नांदेड/लातूर, प्रतिनिधी

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरकडे निघाले, की गोदावरीकाठचा सपाट प्रदेश मागे पडतो आणि बालाघाटच्या रांगेचे चढउतार सुरू होतात. चढावर सायकलस्वार आसनावरून उठतो, पेडलवर सारा भार टाकतो आणि नेमक्या त्याच क्षणी ‘खट्’ असा आवाज होऊन पाय रिकामाच खाली जातो. गाडीचा गिअर निसटलेला असतो. ऊसतोडणीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या बाजूने जात असताना असा क्षणभर तोल जाणेही जिवावर बेतू शकते. म्हणूनच या दोषाकडे केवळ आवाजाचा त्रास म्हणून पाहता येणार नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ मध्ये आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही खडतर शर्यत पूर्ण केली. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे आकर्षण आता महानगरांपुरते उरलेले नाही. मात्र जिल्ह्याच्या गावी प्रत्येक सुटा भाग लगेच मिळेलच असे नाही. दोष न ओळखता एकेक भाग बदलत गेल्यास पैसाही जातो आणि दोषही कायम राहतो. त्यामुळे योग्य निदान महत्त्वाचे ठरते.

केव्हा निसटतो, ते पाहा

पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नव्हे, तर ‘गिअर केव्हा निसटतो’ हा आहे.

हलक्या पायानेही चेन करकरत असेल, एका चकतीवरून दुसरीवर जाण्याची धडपड करीत असेल, तर दोष बहुधा गिअरच्या वायरीत असतो. १९८४ मध्ये शिमानो कंपनीने टप्प्याटप्प्याने बदलणारे ‘इंडेक्स’ गिअर बाजारात आणले. तेव्हापासून खटका एकदा दाबला, की वायर ठरावीक मापानेच सरकते. अकरा गिअरच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांतील अंतर चार मिलिमीटरहूनही कमी असते. त्यामुळे वायर किंचित सैल झाली तरी चेन नेमक्या जागी बसत नाही. मोठ्या चकतीवर चढताना चेन अडखळत असेल, तर मागच्या डिरेलरवरील वायर ताणण्याचा स्क्रू, मागून पाहता, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवावा आणि पुन्हा चालवून पाहावे. लहान चकतीवर उतरताना चेन रेंगाळत असेल, तर वायर जास्त ताणलेली असते किंवा तिच्या आवरणात धूळ व गंज साचलेला असतो. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी सैलावते. त्यात घाबरण्याचे कारण नाही.

झटका ठरावीक लयीत बसत असेल, तर चेनची एखादी कडी आखडली असण्याची शक्यता आहे. साधारण ११० कड्यांची चेन पुढच्या ५० दात्यांच्या चक्रावर सव्वादोन पेडलफेऱ्यांत एक वळसा पूर्ण करते. तेवढ्या अंतराने झटका येत असेल, तर पेडल हळूहळू उलटे फिरवून डिरेलरच्या छोट्या चाकांकडे पाहावे. आखडलेली कडी तेथे उडी मारताना स्पष्ट दिसते.

सायकल उजव्या बाजूला पडल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर तपासावा. धडक बसल्यास चौकटीऐवजी तो वाकावा, या हेतूनेच तो मऊ ठेवलेला असतो. मागून पाहता डिरेलरची दोन्ही छोटी चाके वरच्या चकतीच्या रेषेत उभी दिसली पाहिजेत. हँगर वाकडा असेल, तर वायर कितीही जुळवली तरी उपयोग होत नाही.

चेन जागची हलत नाही, पण पेडल मात्र रिकामे पुढे जाते, अशा वेळी मागच्या हबमधील फ्रीहबच्या खिट्ट्या धरत नसतात. हा दोष धोकादायक असल्याने दुरुस्तीपर्यंत सायकल रस्त्यावर नेऊ नये.

जोर लावताच निसटत असेल तर

वरीलपैकी काहीही नसून केवळ जोर लावल्यावरच, आणि तेही ठरावीक गिअरमध्येच चेन उडी मारत असेल, तर तो झिजेचा दोष समजावा. ‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीचा भाग घासला जातो आणि कड्यांमधील अंतर वाढते. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये रोलर चेनचे पेटंट घेतले, तिचेच हे आजचे रूप आहे. दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. साध्या काळ्या सायकलची चेनही याच मापाची असते; ती फक्त रुंद असते.

अंतर वाढलेली चेन दात्यांना नीट न बसता वर सरकते आणि दातेही तशाच आकारात झिजवते. मग जुन्या चेनची व जुन्या कॅसेटची जोडी कशीबशी जुळलेली राहते. नवी चेन टाकताच मात्र झिजलेले दाते तिला धरू शकत नाहीत. ‘नवी चेन टाकली आणि गिअर निसटू लागला’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. त्यात कारागिराची चूक नसते. सर्वाधिक वापराच्या दोन-तीन चकत्यांवरच चेन उडी मारत असेल, तर कॅसेट संपली असे समजावे. पुढच्या चक्राचे दाते माशाच्या कल्ल्यासारखे एका बाजूला झुकले असतील, तर तेही बदलण्यास आले आहे.

मोजमाप कसे घ्यावे?

यासाठी सुताराची पोलादी टेप पुरते. टेपचे टोक थोडे हलणारे असल्याने एक इंचाच्या खुणेवर एका पिनेचा मध्य धरावा. चेन ताठ ठेवून पुढची चोविसावी पिन पाहावी. नव्या चेनमध्ये तिचा मध्य बरोबर १३ इंचांवर येतो. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल, तर अकरा-बारा गिअरच्या सायकलीची चेन बदलावी. दहा वा कमी गिअर असल्यास सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येते. तीन मिलिमीटरचा फरक दिसल्यास चेनबरोबर कॅसेटही गेलेली असण्याचीच शक्यता अधिक. वेळेवर चेन बदलत गेल्यास एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज चालतात.

मराठवाड्याची धूळ आणि पाणी

चेनचे आयुष्य साधारण तीन ते पाच हजार किलोमीटर धरले जाते. मात्र आपल्याकडील धूळ-चिखलात ते बरेच घटते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल कड्यांत शिरतो, उन्हाळ्यात बारीक धूळ तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखी घासत राहते. यावर पाइपने सायकल धुणे हा उपाय नव्हे. जोराचा फवारा बेअरिंगमधील ग्रीस धुऊन नेतो. शिवाय ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याचा असा वापर शोभणाराही नाही. थोड्या रॉकेलात भिजवलेले फडके चेन पुसण्यास पुरेसे आहे. चेन वाळल्यावर प्रत्येक रोलरवर वंगणाचा एकेक थेंब सोडावा, पेडल काही वेळ उलटे फिरवावे आणि बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. बाहेर राहिलेले तेल धूळच ओढते. इंजिन ऑइल वा ग्रीस चोपडू नये. रिम किंवा डिस्कला तेल लागल्यास ब्रेक लागणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

थोडक्यात निदानाचा क्रम

१. आधी वायर, मग हँगर, त्यानंतर आखडलेली कडी तपासावी. या तपासणीला खर्च नाही.
२. चेन मोजल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये.
३. चेनचे माप दर पाचशे किलोमीटरनंतर व पावसाळा संपताच घ्यावे.
४. दोष सापडेपर्यंत चढावर आसनावरून उठून जोर लावू नये. हलका गिअर टाकून बसूनच चढ पार करावा.