दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात?

मॅनहोलमध्ये किंवा सांडपाणी केंद्राच्या टाकीत कामगार मेला की बातमी ठरलेली असते : 'गुदमरून मृत्यू'. हाच वायू एखाद्या कारखान्यात गळला तर मात्र ती 'रासायनिक दुर्घटना' होते. तज्ज्ञ येतात, चौकशी बसते. वायू तोच, माणूसही तसाच हाडामांसाचा. मग नाव का बदलते? याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही, इतिहासात आहे.

आधी विज्ञान समजून घेऊ. साचलेल्या मैल्यात हवा पोहोचत नाही. तिथे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण शंभर भाग झाला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो, म्हणून काम सुरू झाल्यावरच घात होतो. सोबतीला मिथेन असतो, तो पेट घेतो. पाणी निर्जंतुक करण्यासाठी जिथे क्लोरीन वापरतात तिथे तिसरा धोका. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, गळला की खड्ड्यात आणि तळघरात साचतो. साधा रुमाल किंवा कापडी मास्क यांपैकी कशालाही अडवत नाही.

तरीही वस्त्यांत कामगार सांगतात, झाकण उघडल्यावर जिवंत झुरळे बाहेर आली की समजायचे, आत हवा आहे. कोणी पेटती काडी टाकून बघतो. मिथेन असेल तर तीच काडी जीव घेईल. ज्याच्या हाती वायुमापक यंत्र हवे, त्याच्या हाती व्यवस्थेने झुरळ आणि काडी दिली आहे.

ही व्यवस्था आजची नाही. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात मैला उचलण्यासाठीच्या कराचे नावच 'हलालखोर कर' होते. आधुनिक शहराने भूमिगत गटारे आणली, पंप आणले, पण त्या कामावर जातीचा शिक्का कायद्याच्या पुस्तकातच मारला. बाबासाहेबांनी 1935 मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो याच पार्श्वभूमीवर. सफाई कामगार हा दयेचा विषय नाही, तो हक्क मागणारा कामगार आहे, हा त्या संघटनेचा अर्थ होता. पुढे 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणण्याचे काम त्यांनी केले.

1948 चा कारखाना कायदा आम्ही प्रत्येक कार्यकर्त्याला वाचायला सांगतो. त्यात मैलापाणी पंप करणे ही 'उत्पादन प्रक्रिया' धरली होती. म्हणजे पुरेसे कामगार असलेले पंपिंग स्टेशन कायद्याने कारखाना ठरत होते. त्याच कायद्याचे कलम 36 विषारी वायू असू शकेल अशा टाकी, खड्डा किंवा नळात उतरण्याबद्दल होते. जाणकार व्यक्तीने तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर कामगाराला श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा-दोर असावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात असावे, असे त्यात होते. म्हणजे काय करायला हवे हे या देशाला 1948 पासून माहीत होते. भोपाळनंतर 1987 मध्ये कायदा सुधारला. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दहा लाखांत 10 भाग ठरली.

पण रस्त्यावरचे मॅनहोल कारखान्याच्या भिंतीबाहेर राहिले. भिंतीच्या आत जे 'रसायन' होते, ते बाहेर 'घाण' झाले. रसायनाला नियम असतात. घाणीला फक्त जात असते.

1993 चा कायदा कोरड्या संडासांपुरता होता, गटारांना त्याने हात लावला नाही. त्यासाठी 2013 चा कायदा यावा लागला. तो लागू झाला 6 डिसेंबर 2013 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. पण त्यातही पळवाट आहे. 'धोकादायक सफाई' म्हणजे सुरक्षा साधने न देता करवून घेतलेली सफाई, अशी तिची व्याख्या. साधने दिल्याचे कागदावर दाखवले की तोच खड्डा कायदेशीर! सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृतांच्या वारसांना 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई वाढली हे चांगलेच. पण भरपाई मेल्यावर मिळते, वायुमापक मरण्याआधी लागतो.

काही मित्र म्हणतात, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न आहे, यंत्रे आली की सुटेल, इथे जात कशाला आणता? जात आम्ही आणलेली नाही. केंद्र सरकारने 'नमस्ते' योजनेत 2024 पर्यंत नोंदवलेल्या सुमारे 38,000 गटार आणि सेप्टिक टँक कामगारांपैकी जवळपास 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत. अनुसूचित जातीचे एकटे 68.9 टक्के. यंत्र दशकांपासून उपलब्ध आहे. ते विकत घेतले जात नाही, कारण जातीने स्वस्त केलेला माणूस कंत्राटदाराला यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. जातीने कामाबरोबर मृत्यूही वाटून दिला आहे.

म्हणून श्रद्धांजलीच्या पोस्टवर थांबू नका. आपापल्या महापालिकेला, नगरपरिषदेला माहिती अधिकारात विचारा : वायुमापक किती आहेत आणि ते शेवटचे कधी तपासून घेतले? टाकीत उतरण्याचे लेखी परवाने दाखवा. क्लोरीन गळती रोखण्याचे साहित्य कुठे आहे, ते वापरायचे प्रशिक्षण कोणाला दिले? कंत्राटात सुरक्षेसाठी किती रक्कम आहे? आणि वस्तीत प्रत्येक तरुणाला एक गोष्ट शिकवा : आत कोसळलेल्याला वाचवायला साधनांशिवाय उतरायचे नाही, अग्निशमन दलाला बोलवायचे. अशाच उड्या मारून एकाच घरातले दोन-दोन, तीन-तीन जण गेले आहेत.

दोराचे दुसरे टोक कायद्याने बाहेरच्या माणसाच्या हातात दिले होते. ते टोक कोणी धरलेच नाही. आता ते आपण धरायचे आहे, आणि दोर ओढून जबाबदार अधिकाऱ्याला उजेडात आणायचे आहे.

जय भीम!