शाळेचें नांव आणि विद्यार्थ्याचें नांव

जून महिना उजाडला कीं आमच्या सांगवीच्या रस्त्यांवर शाळांचे फलक झळकूं लागतात. मुळा आणि पवना ह्या नद्यांच्या संगमाजवळचें हें एकेकाळचें शेतकऱ्यांचें गांव. आतां तें पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीनें वाढविलेलें दाट उपनगर झालें आहे. चौकाचौकांतील ह्या फलकांवर शाळेच्या इमारतीचें चित्र असतें आणि त्याखालीं ओळीनें माजी विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें: अमुक डॉक्टर झाला, तमुक परदेशीं गेली, कोणी सरकारी अधिकारी झाला. शिक्षकांचा उल्लेख बहुधा नसतो. नवा शेजारी राहावयास आला म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या भेटींतच विचारतो, "मुलें कोणत्या शाळेंत?" मिळालेल्या उत्तरावरून तो आपलें उत्पन्न, आपली राहणी आणि थोडाबहुत आपला स्वभावही ताडून घेतो. पूर्वीं हें काम आडनांव आणि मूळ गांव ह्या दोन गोष्टी करीत; आतां तें शाळेच्या नांवानें हातीं घेतलें आहे.

खासगी शाळा, तिचे नामांकित विद्यार्थी आणि समाजांतील प्रतिष्ठा ह्या तिहींचा संबंध आपण इतका गृहीत धरून चाललों आहों कीं, तो मुळांत कसा जुळला हें पाहण्याची इच्छाही कोणास होत नाहीं. शाळा चांगली म्हणून विद्यार्थी मोठे झाले, आणि विद्यार्थी मोठे झाले म्हणून शाळा चांगली, असें हें आपल्याच शेपटीमागें फिरणारें अनुमान आहे. त्याची परीक्षा आपल्या प्रांताच्या इतिहासावरून करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम, शाळेच्या नांवाचा हा मान ज्या देशाकडून आपण उचलला त्या इंग्लंडकडे पाहूं. ईटनची शाळा सहाव्या हेन्री राजानें १४४० सालीं स्थापिली ती सत्तर गरीब मुलांस फुकट शिकवितां यावें म्हणून. पुढें धनिकांनीं फी भरून आपलीं मुलें तेथें धाडलीं, त्यांची संख्या वाढत गेली, आणि गरिबांसाठीं काढलेली शाळा सरदारांची होऊन बसली. त्या एका शाळेंतून वीस पंतप्रधान निघाले. हें सारें अध्यापनाचें यश म्हणावें, तर ज्या घराण्यांच्या हातीं राज्यकारभार पिढ्यानपिढ्या होता त्याच घराण्यांचीं मुलें तेथें जात होतीं, ह्या गोष्टीचें काय करावयाचें? घाटाखालून नदी वाहते हें खरें. पण नदी घाटानें आणलेली नसते.

आपल्याकडे ह्याच नमुन्यावर संस्थानिकांच्या मुलांसाठीं कॉलेजें निघालीं. राजकोटचें राजकुमार कॉलेज १८७० सालीं सुरू झालें, अजमेरचें मेयो कॉलेज १८७५ सालीं. कोल्हापूरचे शाहू छत्रपति १८८६ पासून कांहीं वर्षें राजकोटास शिकत होते. त्याच सुमारास त्याच शहरांतील एका साध्या हायस्कुलांत एक लाजाळू मुलगा शिकत होता, आणि १८८७ सालीं तो बेताच्याच गुणांनीं मॅट्रिक झाला. त्याचें नांव मोहनदास करमचंद गांधी. शाहूंच्या बरोबरीनें राजकुमार कॉलेजांत वावरलेल्या बहुतेक राजपुत्रांचीं नांवें आज त्यांच्या संस्थानांबाहेर कोणास ठाऊक नाहींत. शाहूंचें नांव उरलें तें तेथील शिक्षणामुळें उरलें असें म्हणावें, तर तें शिक्षण इतरांनाही मिळालेंच होतें. तें उरलें त्यांनीं गादीवर बसल्यानंतर जें केलें त्यामुळें. त्याकडे आपण पुढें येऊं.

पुण्याकडे वळलें म्हणजे 'खासगी' ह्या शब्दाचा अर्थच निराळा दिसूं लागतो. जिच्यामागें सरकार नाहीं ती खासगी, हा तेव्हांचा अर्थ. आणि सरकार मागें नाहीं म्हणजे बहुधा पैसाही नाहीं. जोतीराव फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. १८४८ सालीं त्यांनीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंनीं तेथें शिकविलें, आणि पुढें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांमुलींसाठींही त्या दांपत्यानें शाळा चालविल्या. ह्याही खासगी शाळाच. त्यांतील सर्वांत नामांकित विद्यार्थिनी कोण, असें कोणी विचारलें तर मुक्ता साळवे हें उत्तर द्यावें लागेल. मांग जातींतील ह्या मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाहीं त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सरळ प्रश्न होता. आणि ज्ञान हेंच आपल्या दुखण्यावर औषध आहे, असें तिनें आपल्या जातिबांधवांस बजाविलें होतें.

ह्या मुलीला शाळेनें कोणती प्रतिष्ठा दिली? समाजाच्या मापानें कांहींच नाहीं. पदवी नाहीं, पद नाहीं, मान नाहीं. दिला तो प्रश्न विचारण्याचा आवाज. पैशाअभावीं त्या शाळा फार काळ टिकल्या नाहींत, आणि भिडे वाड्याची जीर्ण इमारतही २०२३ सालीं स्मारकासाठीं पाडण्यांत आली. त्या काळच्या कितीतरी प्रतिष्ठित सरकारी विद्यार्थ्यांचें लेखन विस्मरणांत गेलें. मुक्तेचा निबंध मात्र आजही वाचला जातो.

ह्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनीं त्याच पुण्यांत दुसरी एक खासगी शाळा निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. नुकतीच कायद्याची पदवी घेतलेले टिळक आणि माधवराव नामजोशी त्यांना येऊन मिळाले; वामन शिवराम आपटे आले; १८८१ सालीं आगरकर आले. ज्यांनीं ही शाळा काढली ते टिळक आणि विष्णुशास्त्री स्वतः सरकारी शाळेंतून शिकून निघाले होते, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. त्यांना चांगल्या नोकऱ्या मिळण्यासारख्या होत्या. आगरकरांचें बालपण तर दारिद्र्यांत गेलेलें, मुलगा एम्. ए. झाला म्हणजे घरचे दिवस पालटतील, ही आईची आशा स्वाभाविक होती. मोठ्या पगाराच्या मागें न लागतां पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकीचा वेळ परहितार्थ घालवीन, असें त्यांनीं आईस पत्रानें कळविलें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. आणि वीस वर्षें दरमहा ७५ रुपयांवर काम करण्याची आजीव सभासदांची प्रतिज्ञा महाराष्ट्रांत म्हणीसारखी प्रसिद्ध झाली.

तेव्हां 'खासगी' ह्याचा अर्थ, शिक्षकानें आपलें कांहीं सोडावें. आज त्याच शब्दाचा अर्थ, पालकानें अधिक कांहीं भरावें. शब्द तोच राहिला. त्याग कोणीं करावयाचा आणि कशासाठीं, हें बदललें.

आतां त्या शाळेच्या विद्यार्थ्यांकडे पाहूं. हरि नारायण आपटे पहिल्या वर्षांतले. १८८२ सालीं विष्णुशास्त्री वारले तेव्हां ह्या विद्यार्थ्यानें 'शिष्यजनविलाप' नांवाचें काव्य लिहिलें. पुढें गणितानें वाट अडविल्यामुळें त्यांना पदवी मिळाली नाहीं. आजच्या फलकावर पदवी नसलेल्या विद्यार्थ्यास जागा मिळाली असती काय, ह्याची मला शंका आहे. पण 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्याच माणसानें लिहिली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांचें दुःख मध्यमवर्गाच्याच पुढें मांडलें. दुसरे केशवसुत. कृष्णाजी केशव दामले ह्याच शाळेंतून १८८९ सालीं मॅट्रिक झाले. उभा जन्म त्यांनीं शाळामास्तरकींत आणि किरकोळ नोकऱ्यांत काढला. मुंबई, खानदेशांतील फैजपूर, धारवाड अशी त्यांची भटकंती झाली. आणि १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला. जिवंतपणीं त्यांना समाजांत स्थान असें नव्हतेंच. न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी म्हणून आज आपण ज्यांचीं नांवें अभिमानानें घेतों त्यांतील एक पदवीवांचून राहिला, आणि दुसरा तुटपुंज्या पगारांत मेला. कीर्ति आणि प्रतिष्ठा ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. विद्यार्थी जी कीर्ति मिळवितो ती बहुधा प्रतिष्ठा खर्चून मिळवितो. आणि पुढच्या पिढ्या तीच कीर्ति फी भरून प्रतिष्ठा म्हणून विकत घेतात.

परंतु ह्या गौरवाला दुसरीही बाजू आहे आणि ती झांकून ठेवणें इतिहासाला शोभणार नाहीं. न्यू इंग्लिश स्कूलच्या बाकांवर बसणारीं मुलें बहुतांशीं ब्राह्मण आणि पांढरपेशा घरांतलीं होतीं. तिच्या संस्थापकांपैकीं विष्णुशास्त्री यांनीं 'निबंधमालें'त जोतीरावांवर कठोर टीका केली होती. त्याच काळांत, १८८२ सालीं, हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीरावांनीं सांगितलें कीं, सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या श्रमांतून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरून खालीं विद्या झिरपेल ही आशा व्यर्थ आहे. एकाच शहरांतल्या ह्या दोन खासगी प्रयत्नांपैकीं एक टिकला आणि दुसरा मावळला, ह्याचें कारण एकाचे शिक्षक अधिक त्यागी होते हें नव्हे. एकाच्या दाराशीं येणाऱ्या मुलांच्या घरीं पुस्तकें, दिवा आणि फीचे पैसे होते. दुसऱ्याच्या दाराशीं येणाऱ्यांच्या घरीं तें कांहींच नव्हतें. नामांकितांची यादी वाचतांना ती यादी कोणाकोणाला दारांत घेतल्यावर तयार झाली हेंही विचारलें पाहिजे.

हा विचार ज्यानें कृतींत आणला तो राजकुमार कॉलेजचा तोच विद्यार्थी. शाहू छत्रपतींनीं ओळखलें कीं खेड्यांतल्या मुलाची अडचण शाळेच्या आधीं, राहण्या-जेवण्यापाशीं सुरू होते. १९०१ सालीं त्यांनीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें. पुढें एकेका जातीच्या विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें निघत गेलीं, १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्यांसाठींही निघालें. कोल्हापुरांत शिकलेल्या आणि शाहूंच्या सहवासांत आलेल्या भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू करून सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविलें. त्या वसतिगृहांतला एक मुलगा पी. जी. पाटील पुढें केंब्रिजला जाऊन बॅरिस्टर झाला आणि शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरु झाला. ईटनच्या वीस पंतप्रधानांनीं जेवढें अंतर तोडलें नसेल तेवढें ह्या एका मुलानें तोडलें. खुद्द आमच्या सांगवीत जें कॉलेज आहे तें पुणें जिल्हा शिक्षण मंडळाचें, आणि त्याला नांव आहे बाबुरावजी घोलप यांचें. ही संस्था त्यांनीं १९४१ सालीं जिल्ह्याच्या ग्रामीण भागांतील मुलांसाठीं उभी केली. तीही खासगीच.

हा सर्व इतिहास मला आठवला तो गेल्या वर्षीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें, अल्पसंख्याकांच्या संस्था वगळतां, विनाअनुदानित खासगी शाळांवर प्रवेशाच्या वर्गांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस देण्याचें बंधन घातलें आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत राज्य सरकारनें नियम बदलून, जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना ह्यांतून मोकळीक दिली. मुंबई उच्च न्यायालयानें तो बदल त्याच वर्षीं जुलैंत रद्द केला. त्यानंतर आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याच्या मुलीला जवळच्या एका नामांकित शाळेंत जागा मिळाली. तो पेढे घेऊन वर आला. त्या संध्याकाळीं बागेंत आमच्या एका शेजाऱ्यांनीं मला सरळ मनानें विचारलें, "प्रोफेसरसाहेब, मग आम्ही एवढी फी कशाला भरतों?"

गृहस्थ दुष्ट नव्हेत. कर्ज काढून दोन मुलांना शिकवीत आहेत. मला त्यांच्यावर रागावतांही येईना, कारण माझ्या मुलालाही मीं तशाच एका शाळेंत घातलें होतें, आणि तेव्हां तेथील शिक्षक कोण आहेत ह्याची चौकशी करण्यापूर्वीं तेथें कोणाकोणाचीं मुलें जातात ह्याची चौकशी केली होती. त्या प्रश्नानें मला एवढेंच दाखविलें कीं, आम्ही जी फी भरतों तिच्यांत शिकविण्याचा मोबदला थोडा आणि पहारेकऱ्याच्या मुलीपासून अंतर राखण्याचा मोबदला बराच असतो. त्या अंतरालाच आम्ही प्रतिष्ठा म्हणतों.

माजी विद्यार्थ्यांचा अभिमान शाळांनीं बाळगूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. पण त्याचें माप निराळें हवें. विद्यार्थी कोठें पोंचला एवढेंच न पाहतां तो कोठून निघाला होता हेंही पाहावें, आणि ह्या दोन ठिकाणांमधली वाट शाळेनें किती चालविली तें मोजावें. ह्या मापानें मुक्ता साळवेची बंद पडलेली शाळा कोणत्याही राजपुत्रांच्या कॉलेजापेक्षां मोठी ठरते.

पहारेकऱ्याची ती मुलगी आतां पहिलींत आहे. सकाळीं बसची वाट पाहत ती आमच्या शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलाबरोबर फाटकापाशीं उभी असते. पुढें तिचें छायाचित्र त्या शाळेच्या फलकावर येईल कीं नाहीं, हें कोणीं सांगावें? तें न आलें तरी चालेल. नवा शेजारी भेटल्यावर त्यानें "मुलें कोणत्या शाळेंत?" असें विचारलें, तर ह्यापुढें मी त्यालाच उलट विचारणार आहें: "त्या शाळेंत आणखी कोणाचीं मुलें आहेत?"