घरांचे उष्णतानिरोधन

राहत्या घराच्या भिंती, छप्पर, जमीन, दारे व खिडक्या यांतून होणारी उष्णतेची ये-जा कमी करून घर ऊबदार किंवा थंड राखण्यास लागणारे इंधन वाचविण्याच्या उपायांस घरांचे उष्णतानिरोधन म्हणतात. नवे घर बांधताना हे उपाय योजणे तुलनेने सोपे असते. आधीच बांधलेल्या व माणसे राहत असलेल्या घरात ते मागाहून करणे हे वेगळे आणि अवघड काम असून प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याच कामाचा इतिहास दिला आहे. यूरोपीय संघातील एकूण ऊर्जावापरापैकी सु. ४०% वापर इमारतींत होतो आणि आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी बहुसंख्य २०५० मध्येही वापरात असतील, असा अंदाज आहे. यावरून जुन्या घरांच्या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते.

तत्त्व : स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. लोकर, पिसे, गवत, काचतंतू अथवा प्लॅस्टिकचा फेस यांच्या पोकळ्यांत हवा अडकून पडते आणि तिचे अभिसरण थांबते. या पदार्थांचा निरोधक गुण मुख्यतः त्या अडकलेल्या हवेचा असतो. १० सेंमी. जाडीच्या खनिज लोकरीइतका रोध केवळ विटांच्या भिंतीने द्यावयाचा झाल्यास ती भिंत सु. दीड ते दोन मी. जाड असावी लागेल. भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानांत १° से. फरक असताना तिच्या १ चौ. मी. क्षेत्रातून जितके वॉट उष्णता पलीकडे जाते, त्या अंकास उष्णतासंक्रमण गुणांक म्हणतात. तो जितका लहान तितके निरोधन चांगले. परंतु घरातील उष्णता केवळ भिंतींतून जाते असे नाही, ती फटींतून वाहणाऱ्या हवेबरोबरही जाते. ही दुसरी वाट पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिली.

पूर्वेतिहास : थंड प्रदेशांतील लोकांस निरोधनाची व्यावहारिक जाण फार पूर्वीपासून होती. आइसलँडमधील गवताळ मातीच्या ढेकळांची घरे, उत्तर यूरोपातील जाड शाकारलेली छपरे ही त्याची उदाहरणे होत. वस्त्रे, पिसे व फर यांच्या उष्णतावहनावर काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोग केले व अडकलेल्या हवेचे महत्त्व दाखवून दिले. फूर्ये यांनी १८२२ मध्ये उष्णतावहनाचे गणित मांडले. एकोणिसाव्या शतकात भट्टीतील मळीपासून खनिज लोकर तयार होऊ लागली. १९३० नंतरच्या दशकात काचतंतूंची लोकर व १९५० च्या सुमारास पॉलिस्टायरीनचा फेस यांचे उत्पादन वाढले.

म्हणजे तत्त्व व साहित्य ही दोन्ही विसाव्या शतकाच्या मध्यास उपलब्ध होती. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोप व अमेरिकेत झपाट्याने बांधल्या गेलेल्या लक्षावधी घरांत निरोधन अत्यल्प होते. तेल व कोळसा स्वस्त होता आणि बांधणाऱ्यास घर लवकर व कमी खर्चात उभे करावयाचे होते. इंधनाचे बिल मात्र पुढे राहणाऱ्याने भरावयाचे होते. पुढील इतिहासातील अनेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

१९७३ चे तेलसंकट : ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इझ्राएल युद्धानंतर अरब तेलनिर्यातक देशांनी पुरवठ्यावर निर्बंध घातले आणि जानेवारी १९७४ पर्यंत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. ऊर्जेसाठी आयात तेलावर अवलंबून असलेल्या डेन्मार्कमध्ये व पश्चिम जर्मनीत २५ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी चालविण्यास बंदी करण्यात आली. घरांच्या बाबतीत मात्र असे तात्कालिक उपाय पुरेसे नव्हते. पश्चिम जर्मनीने १९७६ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा केला व १९७७ मध्ये त्यानुसार उष्णतारक्षणाचे पहिले नियम अंमलात आणले. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यान्वये अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांची घरे शासकीय खर्चाने सुधारण्याची योजना सुरू झाली. ब्रिटनने १९७८ च्या कायद्याने माळ्यावर निरोधक थर घालण्यास अनुदान दिले. तेथील इमारत नियमांत भिंतीचा कमाल उष्णतासंक्रमण गुणांक १९६५ मध्ये १.७ होता. तेलसंकटानंतर तो १.० वर, १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ०.६ वर आणि १९९० मध्ये ०.४५ वर आणण्यात आला. हे नियम प्रामुख्याने नव्या बांधकामासाठी होते. जुनी घरे बव्हंशी अनुदान आणि मालकाची इच्छा यांवरच सोडली गेली.

ट्विन रिव्हर्झ येथील संशोधन : जुन्या घरांतून उष्णता नेमकी कोठून जाते याचा पद्धतशीर शोध अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्झ या वसाहतीत घेतला. तेलसंकटापूर्वी, १९७२ मध्ये, सुरू झालेल्या या प्रकल्पात रॉबर्ट सॉकोलो प्रमुख होते. वसाहतीतील घरे एकाच नकाशाची व एकमेकांस लागून असल्यामुळे तुलना सुलभ होती. एकसारख्या दोन घरांच्या इंधनवापरात दुपटीपर्यंत तफावत आढळली. राहणाऱ्यांच्या सवयींचा प्रभाव बांधकामाइतकाच मोठा असू शकतो, हे त्यावरून दिसून आले.

दुसरा निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता. माळ्यावर निरोधक थर असूनही तेथील हवा गणिताने येणाऱ्या तापमानापेक्षा बरीच ऊबदार होती. शोध घेता असे आढळले की, धुराड्याभोवतालच्या पोकळीतून आणि दोन घरांमधील पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींतून घरातील ऊब थेट माळ्यावर पोहोचत होती. म्हणजे थराची जाडी कितीही वाढविली, तरी त्याला वळसा घालणारी ही वाट मोकळीच राहत होती. ती बुजवून, खिडक्यांना आतून निरोधक झडपा लावून व अन्य दुरुस्त्या करून एका घराची तापनाची गरज सु. दोन-तृतीयांशाने कमी करण्यात आली. घराच्या दारात पंखा बसवून आतील दाब बदलावयाचा व हवा कोणत्या फटींतून वाहते ते शोधावयाचे, ही पद्धती याच सुमारास स्वीडन व अमेरिकेत विकसित झाली. तीमुळे घराची तपासणी करून मगच उपाय सुचविण्याची प्रथा रुजली.

कॅनडा व जर्मनी : कॅनडातील सस्कॅचेवन प्रांताने १९७७ मध्ये रिजायना येथे एक प्रायोगिक घर बांधले. जाड निरोधित भिंती, हवाबंद कवच आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेस देणारा विनिमयक ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्यावरील सौर यंत्रणेपेक्षा निरोधन व हवाबंदपणा यांचाच वाटा मोठा ठरला. या घराच्या रचनाकारांपैकी हॅरल्ड ऑर यांनी १९८२ मध्ये सॅस्कटून येथील एका जुन्या घरावर धाडसी प्रयोग केला. यांत्रिक करवतीने छपराच्या पाखांचे बाहेर आलेले भाग कापून टाकण्यात आले, जुन्या भिंती व छप्पर यांवर पॉलिथिलिनचे अखंड आवरण चढविण्यात आले आणि त्याबाहेर निरोधनासह नवी भिंत व नवे छप्पर उभारण्यात आले. फटींतून वाहणारी हवा त्यामुळे ९०% हून अधिक घटली. जुने घर पाडल्यावाचून नव्याच्या तोडीचे करता येते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

जर्मनीत व्होल्फगांग फाइस्ट यांनी स्वीडनचे बू आडामसन यांच्याबरोबर विकसित केलेल्या कल्पनेनुसार डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये अल्पतापन घरांची पहिली ओळ पूर्ण झाली. त्यांच्या मानकानुसार तापनासाठी दर चौ. मी. ला वर्षाकाठी १५ किलोवॉट-तासांपेक्षा अधिक उष्णता लागता कामा नये. जुन्या घरांत याच्या दहापट उष्णता लागणे असामान्य नाही. २०१० मध्ये जुन्या घरांसाठी २५ किलोवॉट-तासांचे वेगळे मानक ठरविण्यात आले. जुना पाया आणि जुन्या सांध्यांतून होणारी उष्णतागळती पूर्णपणे थांबविता येत नाही, ही वस्तुस्थिती त्यात मान्य केलेली आहे.

घाईचे दुष्परिणाम : कॅनडात १९७७ पासून अनुदानाच्या योजनेमुळे पोकळ भिंतींत यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस भरण्याचा प्रघात वाढला. त्यातून सुटणाऱ्या वायूमुळे रहिवाशांच्या तक्रारी वाढल्यावर डिसेंबर १९८० मध्ये त्यावर बंदी आली. तोवर सु. एक लाख घरांत तो भरला गेला होता. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये मंदीवरील उपाय म्हणून छपरांच्या निरोधनाची मोठी योजना आखण्यात आली व दहा लाखांहून अधिक घरांत कामे झाली. रोजगार त्वरित मिळावा या हेतूने अप्रशिक्षित कामगारांकडूनही ही कामे करून घेण्यात आली. चार तरुण कामगार मृत्युमुखी पडले : तिघे विजेच्या धक्क्याने व एक अतिउष्णतेने. धातूचा वर्ख धातूच्याच चापांनी ठोकताना विजेच्या तारा भेदल्या जाण्याचा धोका दुर्लक्षिला गेला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि चौकशी आयोगाने २०१४ मध्ये अहवाल दिला.

सर्वांत भीषण घटना लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीची होय. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीवर २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात बाहेरून निरोधक थर व आवरण बसविण्यात आले होते. आवरणाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिलिनचा ज्वालाग्राही गाभा होता. १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण मरण पावले. निरोधनाच्या पदार्थाची परीक्षा केवळ उष्णतारोधावर करता येत नाही, अग्नी, ओलावा आणि मानवी आरोग्य यांच्या कसोट्याही तितक्याच महत्त्वाच्या आहेत, हे या घटनांनी स्पष्ट केले. ओलाव्याचा धोका तर नित्याचाच असतो. फटी बुजविलेल्या घरात वायुवीजनाची सोय न केल्यास बाष्प थंड कोपऱ्यांत द्रवीभूत होते व बुरशी वाढते.

खर्च व लाभ : निरोधनाचा खर्च घरमालक करतो आणि कमी झालेल्या बिलाचा फायदा भाडेकरूस मिळतो. त्यामुळे भाड्याच्या घरांत सुधारणा रखडतात. ब्रिटनने २०१३ मध्ये विजेच्या बिलातून फेडावयाच्या कर्जाची योजना आणली, परंतु सु. १४ हजार कुटुंबांनीच ती स्वीकारली व २०१५ मध्ये तिचा निधी थांबविण्यात आला. उलट इटलीने २०२० मध्ये खर्चाच्या ११०% करसवलत दिली. स्वतःचे काहीच खर्च होत नसल्यामुळे मालकांस दरांची फिकीर उरली नाही आणि शासनावर १०० अब्ज यूरोंहून अधिक भार पडला.

अपेक्षित बचत व प्रत्यक्ष बचत यांतही अंतर पडते. कार्यक्षमता वाढल्याने इंधनाचा एकूण वापर वाढू शकतो, हे जेव्हन्झ यांनी १८६५ मध्येच कोळशाविषयी दाखविले होते. गरीब कुटुंब पूर्वी एकच खोली तापवीत असेल, तर निरोधनानंतर ते दोन खोल्या तापविते. हिशेबात ही बचतीतील तूट दिसते, पण त्या कुटुंबाच्या दृष्टीने तोच खरा लाभ असतो. न्यूझीलंडमध्ये १,३५० कुटुंबांच्या घरांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोधनानंतर श्वसनाच्या तक्रारी आणि मुलांची शाळेतील गैरहजेरी कमी झाल्याचे आढळले. फेब्रुवारी २०२२ नंतर रशिया-युक्रेन युद्धामुळे यूरोपात वायूच्या किंमती भडकल्या, तेव्हा जुन्या घरांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. यूरोपीय संघाने २०२० मध्ये साडेतीन कोटी इमारतींच्या नूतनीकरणाचे उद्दिष्ट २०३० साठी ठरविले, त्या वेळी वर्षाकाठी सु. १% इमारतींतच असे काम होत होते.

भारत : भारताच्या बहुतेक भागांत उष्णता आत येऊ न देणे हा प्रमुख प्रश्न आहे. मराठवाड्यातील माळवदाची घरे त्याचे पारंपरिक उत्तर होती. दगडमातीच्या जाड भिंती व लाकडी तुळयांवर पसरलेला मातीचा जाड थर यांमुळे दुपारचा ताप आत पोहोचेपर्यंत रात्र होत असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत अशाच घरांच्या भिंती व माळवदे कोसळून सु. ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढील काळात माळवदावरील मातीचा भार कमी करणे, भिंतीची दोन्ही अंगे बांधून ठेवणारे आरपार दगड बसविणे इ. दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. नव्या काँक्रीटच्या घरांची पातळ छते सुरक्षित असली, तरी उन्हाळ्यात ती अधिक तापतात.

ऊर्जासंवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता प्रसिद्ध केली. तीत छताच्या उष्णतासंक्रमण गुणांकाची कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. मात्र तिचा रोख नव्या इमारतींवर आहे. आधी बांधलेल्या पत्र्याच्या व काँक्रीटच्या घरांसाठी छतास पांढरा लेप देणे, चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी करणे, पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून दुसरे आच्छादन लावणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. अहमदाबादमध्ये २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचा उपक्रम राबविण्यात आला. माळवदाचा गारवा व काँक्रीटची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास एकाच छपराखाली मिळवून देणे, हे येथील गृहनूतनीकरणापुढील मुख्य कार्य होय.