साचा आणि सांचा

मराठी विकिपीडियावर ज्याला ‘साचा’ म्हणतात, त्याला उर्दू विकिपीडियावर ‘सांचा’ म्हणतात. शब्द एकच, एक डावीकडून लिहिला जातो, दुसरा उजवीकडून. ही दोन्ही संकेतस्थळं मीडियाविकी नावाच्या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात. त्याला या भाषा शिकवताना आतली रचना अनेकदा उसवून पुन्हा शिवावी लागली. बाहेरचं काम तेच ठेवून आतली मांडणी बदलण्याला प्रोग्रामर ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. इथं त्याचं कारण भाषा होती.

१५ जानेवारी २००१ला विकिपीडिया सुरू झाला तो पर्ल भाषेतल्या ‘यूजमॉडविकी’वर. पुढच्या वर्षी जर्मनीच्या मॅग्नस मान्स्के यांनी पीएचपीत लिहिलेली नवी प्रणाली वापरात आली, ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा लिहून काढली. तीच पुढे मीडियाविकी झाली. तिच्यात इंग्रजी हा मूळ ‘क्लास’ होता आणि बाकीच्या भाषा त्याची लेकरं. लेकराकडे शब्द नसला की आपोआप इंग्रजी शब्द यायचा. हे रूपक नाही, कोडमध्ये अक्षरशः तशीच रचना होती. २००६मध्ये प्रत्येक भाषेचे संदेश वेगळ्या फायलींत काढले गेले. (शब्द सापडला नाही तर आधी कोणत्या भाषेकडे जायचं, हेही आज ठरलेलं असतं. संस्कृतसाठी ती भाषा हिंदी आहे! पणजीनं पणतीकडे उसनं मागावं, तसं.)

पण शब्द वेगळे काढले म्हणून भाषा सुटत नाही. इंग्रजीत एकवचन आणि अनेकवचन, एवढ्यावर भागतं. अरबीत शून्य, एक, दोन, थोडे, पुष्कळ आणि उरलेले, असे सहा प्रकार सांभाळावे लागतात. इंग्रजी वाक्याचे तुकडे जोडून संदेश बनवले, तर शेवटी क्रियापद ठेवणारी मराठी त्यात बसत नाही. म्हणून अख्खं वाक्य अनुवादकाच्या हाती द्यायचं आणि नावाची जागा तेवढी मोकळी सोडायची, असं ठरलं. तरी मराठीचं सामान्यरूप उरतंच. मोकळ्या जागेत ‘पुणे’ बसवून पुढे ‘मध्ये’ जोडलं की ‘पुण्यामध्ये’ होत नाही, ‘पुणेमध्ये’ होतं. हे इतक्या वेळा वाचनात येतं की, काही दिवसांनी मुलांना तेच बरोबर वाटेल. फिनिश भाषेतही नामं अशीच विभक्तीप्रमाणे बदलतात. अनुवादकांसाठी ‘बेटाविकी’ (आजचं ट्रान्सलेटविकी) उभारणारे निकलस लॅक्सस्ट्रॉम फिनलंडचेच, हे मला योगायोग वाटत नाही.

दिशेचा प्रश्न आणखी वेगळा. आमच्या कपाटात मराठी आणि उर्दू पुस्तकं शेजारी असतात. एकाचं मुखपृष्ठ जिथं, तिथं दुसऱ्याचं मलपृष्ठ. मीडियाविकीत उर्दू, अरबी, फारसीसाठी आधी डाव्या मांडणीवर उजवीकडची ठिगळं लावलेली होती. मूळ मांडणी बदलली की ठिगळ उसवायचं. २०११च्या आवृत्तीपासून मांडणी एकदाच लिहायची आणि यंत्रानं ती आरशासारखी उलटवायची, अशी सोय आली. २०१४मध्ये संदेश पीएचपीतून काढून जेसन फायलींत ठेवले गेले. पीएचपी फाइल म्हणजे चालणारा कोड. अनुवादकाच्या शब्दाला कोडमध्ये राहायची गरजच नव्हती.

साच्यांची कहाणी मात्र अर्धीच राहिली. २००४मध्ये साचे आले तेव्हा त्यांत ‘जर-तर’ नव्हतं. लोकांनी साच्यात साचे अडकवून ते साधलं, मग २००६मध्ये त्यासाठी खास सोय झाली. २०१३मध्ये लुआ ही ब्राझीलमध्ये जन्मलेली प्रोग्रामिंग भाषा आली आणि कंसांचं जंगल बरंच कमी झालं. पण मराठीतले साचे बहुतेक इंग्रजीवरून उतरवलेले. तिकडे दुरुस्ती झाली की ती आपोआप इकडे येत नाही, कुणीतरी बसून पुन्हा उतरवायची. कितीतरी साच्यांत आतल्या रकान्यांची नावंही इंग्रजीच राहिली आहेत. उर्दूतही हेच.

आणि आकडे! वाचकाला ‘१९४८’ दिसायला हवं, पण साच्यातल्या आकडेमोडीला इंग्रजी अंकच कळतात. जन्मवर्ष देवनागरीत लिहून वय काढायला सांगा. वयाच्या जागी लाल अक्षरांत चुकीचा संदेश येतो. अंक आधी इंग्रजी करायचे, वजाबाकी करायची, उत्तर पुन्हा देवनागरीत आणायचं. प्रत्येक साच्यात हा फेरा कुणीतरी हातानं घालून ठेवलेला असतो.