डांगी गोवंश : वासराच्या रंगाचे भाकीत

त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, अकोले या अतिपावसाच्या डोंगरपट्ट्यातील गोवंश. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असतात. तांबड्या ठिपक्यांच्या जनावराला पशुपालक लाल बाहळा म्हणतात. गुरांमध्ये काळ्या रंगाचे जनुक सामान्यतः तांबड्यावर प्रभावी ठरते. म्हणून काळी गाय व काळा वळू यांना तांबडे वासरू झाले, तर दोघांतही तांबड्याचे जनुक सुप्त होते असे समजावे. अशा जोडीत प्रत्येक वेताला तांबड्याची शक्यता २५ टक्के. ठिपके नेमके कुठे उमटतील, हे मात्र आधी सांगता येत नाही. वळू निवडताना रंगापेक्षा तेलकट कातडी आणि कठीण काळे खूर पाहावेत; मुसळधार पावसातल्या चिखलणीला जनावर त्यांच्याच बळावर टिकते.